बारावी तिकडे की इकडे? परदेशात वाढलेल्या मुलांना भारतातल्या प्रवेशासाठी तयार करताना

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मला चार-पाच तरी फोन येतात. सुरुवात ठरलेली असते. "ताई, मुलगा बारावीला आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला घालायचंय. किती टक्के लागतील?" मी उलट दोन प्रश्न विचारते: मुलाचा पासपोर्ट कुठला, आणि दहावी, अकरावी, बारावी ही तीन वर्षं कुठल्या देशात झाली? समोरचा जरा खट्टू होतो. त्याला टक्क्यांवर बोलायचं असतं आणि मी व्हिसा ऑफिसरसारखी चौकशी करत बसते. पण परदेशात वाढलेल्या मुलाचा इथला प्रवेश गुणांच्या आधी या दोन उत्तरांवर अडतो, आणि दुसरं उत्तर बारावीत बदलता येत नाही. ते आठवी-नववीतच ठरवावं लागतं.

आम्ही मस्कतला सोळा वर्षं काढली. थोरली इंजिनिअरिंगला गेली, धाकटा मेडिकलला. थोरलीच्या वेळी एक मोठी चूक करता करता वाचलो, धाकट्याच्या वेळी नेमकी उलटी चूक केली. दोन्ही पुढे ओघात येतीलच.

पहिली पायरी: मूल कुठल्या रकान्यात बसतं ते बघा

भारतीय पासपोर्ट असेल तर तुमचं मूल कायद्यानं भारतीय नागरिक आहे, मग ते जन्मापासून दोहात असो नाहीतर डॅलसमध्ये. जेईई (इंजिनिअरिंगची), नीट (मेडिकलची), सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची) या परीक्षा ते इथल्या मुलांसारखीच देऊ शकतं, आणि शिवाय एनआरआय म्हणून वेगळ्या जागांवरही दावा सांगू शकतं. या गटाला दोन्ही दरवाजे उघडे.

परदेशी पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर कार्डावरची तारीख बघा. ४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानं अधिसूचना काढली. त्यानुसार ओसीआय मुलांना या प्रवेशपरीक्षा देता येतात, पण प्रवेश फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य, म्हणजे मूळ जागांपेक्षा जास्तीच्या, जागांवर मिळतो. भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्यांना बंद झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की ही अधिसूचना पुढच्यांसाठी लागू. ज्यांच्याकडे ४ मार्च २०२१ च्या आधीपासून कार्ड आहे त्यांचे जुने हक्क शाबूत. म्हणजे २०१२ साली कार्ड काढलेली न्यू जर्सीची मुलगी आणि २०२२ साली काढलेला तिचा सख्खा भाऊ, दोघं एकाच घरातले असून दोन वेगळ्या रांगांत उभे राहतात. पासपोर्ट बदलल्यावर कार्ड नव्यानं मिळालं असेल तर जुनी पुस्तिका टाकून देऊ नका. मूळ तारखेचा पुरावा तोच आहे.

परदेशी पासपोर्ट आहे आणि ओसीआय नाही, असं असेल तर आधी कार्डाचा अर्ज करा. नाहीतर मुलाला विद्यार्थी व्हिसा आणि परदेशी नागरिकांची नोंदणी हे सगळं करत बसावं लागेल.

आयआयटीचं गणित थोडं निराळं. परदेशी नागरिकांच्या गटातून येणाऱ्याला जेईई मेन ही पहिली परीक्षा न देता थेट जेईई अॅडव्हान्स्ड या आयआयटीच्या परीक्षेला बसता येतं, आणि ४ मार्च २०२१ नंतर कार्ड मिळालेली ओसीआय मुलंही याच गटात धरतात. या जागा मूळ जागांपेक्षा जास्तीच्या असतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पेपर तोच असतो.

दुसरी पायरी: परत कधी यायचं?

या लेखातलं दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा.

इंजिनिअरिंगसाठी 'दासा' नावाची केंद्र सरकारची योजना आहे. परदेशात शिकलेल्या मुलांना एनआयटी, ट्रिपल आयटी अशा संस्थांमध्ये तिच्यातून प्रवेश मिळतो. आपलं नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आहे. पूर्वी सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेच्या विषयवार परीक्षांवर हे प्रवेश व्हायचे. २०२१ साली त्या परीक्षाच बंद झाल्या, तेव्हापासून जेईई मेनचा क्रमांक धरतात. अट अशी की अकरावी आणि बारावी ही दोन्ही वर्षं परदेशात झालेली हवीत. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी याच योजनेत एक पोटगट आहे. दासाचं शिक्षण शुल्क वर्षाला साधारण ८,००० डॉलर पडतं, या पोटगटाला मात्र एनआयटीतल्या इतर मुलांइतकंच, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात. अर्थात तिथे गर्दी जास्त आणि कटऑफही चढा.

आता आमची वाचलेली चूक. थोरलीची दहावी झाली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता हिला पुण्याला पाठवा, चांगला क्लास लावा, दोन वर्षं घासून अभ्यास होईल. आजीकडे खोली रंगवूनही झाली होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका केरळी सहकाऱ्यानं सहज विचारलं, "मग दासा सोडणार का?" आम्ही हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अकरावीला ती पुण्यात आली असती तर त्याच दिवशी तो दरवाजा बंद झाला असता. कोटा, लातूर, पुणे इथल्या क्लासेसच्या मोहात आखातातली कितीतरी घरं दर वर्षी हेच करतात, आणि त्यांना हे सांगणारं कोणी नसतं.

मेडिकलचं बरोब्बर उलटं. महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. सरकारी कर्मचारी, सैनिक अशांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण मस्कतमधल्या खासगी कंपनीतल्या बापाला त्यांचा उपयोग नाही. धाकट्याच्या वेळी आम्ही शहाणपणानं त्याला अकरावीला पुण्यात आणलं. दहावी मस्कतची! राज्यातल्या ८५ टक्के जागांवर पाणी. उरला अखिल भारतीय १५ टक्के कोटा, खासगी महाविद्यालयांचा संस्था कोटा, आणि एनआरआय जागा. एक वर्ष आधी आणला असता तर चित्र वेगळं असतं.

तेव्हा हिशेब असा. मेडिकल नक्की असेल आणि परवडणारी सरकारी जागा हवी असेल, तर दहावी सुरू होण्याआधी परत या. इंजिनिअरिंगचा विचार असेल तर बारावी संपेपर्यंत तिकडेच राहा. दोन्हींबद्दल साशंक असाल तर मुलाशी नववीत बसून बोला. चौदा वर्षांच्या पोराला कुठे काय कळतं, असं आजी म्हणेल. खरं आहे, पण नियमांना त्याची पर्वा नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांना, आणखी एक खिडकी आहे. तिथे उमेदवारांचे अ, ब, क असे प्रकार पाडतात. ब प्रकारात स्वतः उमेदवार किंवा त्याचे वडील किंवा आई महाराष्ट्राचे अधिवासी असले आणि तसा दाखला असला की पुरतं. मुलानं शाळा कुठे केली याचा तिथे अडसर नाही. म्हणजे मस्कतहून बारावी झालेलं मूलही एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन राज्याच्या जागेवर येऊ शकतं. मेडिकलचा नियम इंजिनिअरिंगला लावून कितीतरी लोक हा मार्ग न बघताच सोडून देतात.

आणि एनआयटीसाठी पासपोर्टचं शेवटचं पान उघडा. परदेशातून बारावी झालेल्या भारतीय नागरिकाचं गृहराज्य पासपोर्टवरच्या भारतातल्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात. तिथे साताऱ्याचा पत्ता असेल तर व्हीएनआयटी तुमची. कधीतरी बंगळुरूला नोकरी करताना पासपोर्ट काढलेला असेल आणि तोच पत्ता पुढे चालू राहिला असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी विचार करा.

तिसरी पायरी: विषय

आखातातल्या सीबीएसई शाळेत असाल तर हा भाग सोडून पुढे जा, तुमचं सगळं सरळ आहे.

अमेरिकेत मात्र इथेच घात होतो. तिकडे नववीला बायॉलॉजी, दहावीला केमिस्ट्री, अकरावीला फिजिक्स असं एकेक वर्षाचं वाटप असतं. एकदा केलं की संपलं. इकडे 'अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स' अशी अपेक्षा असते, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत हे विषय दिसायला हवेत. म्हणून नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडे जाऊन सांगा की शेवटच्या दोन वर्षांत एपी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) फिजिक्स, एपी केमिस्ट्री, कॅल्क्युलस, आणि मेडिकल असेल तर एपी बायॉलॉजी हवंच. समुपदेशक विचारेल, एवढं सगळं कशाला? त्याच्या दृष्टीनं मूल ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत असलं तर जास्त बरं. त्याला लेखी द्या.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्ड असेल तर इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित वरच्या स्तरावर घ्यावं. गणिताचे दोन प्रकार असतात, त्यातला विश्लेषणाचा घ्या, उपयोजनाचा नको. केंब्रिज बोर्ड असेल तर ए लेव्हलला (तिथली बारावी) फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायॉलॉजी, आणि आयजीसीएसईला (तिथली दहावी) किमान पाच विषय चांगल्या श्रेणीत. दोन्ही प्रमाणपत्रं जपा, कारण इथे दहावी आणि बारावी अशी दोन स्वतंत्र कागदं मागतात आणि नुसत्या ए लेव्हलवर खिडकीतला माणूस "दहावीचं कुठंय?" म्हणतोच.

बायॉलॉजी सुटलेल्यांसाठी एक दिलासा: २०२३ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगानं बारावीनंतर बायॉलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसायची मुभा दिली आहे.

चौथी पायरी: परीक्षेचा सराव, म्हणजे कॅल्क्युलेटर काढून घेणं

परदेशात शिकलेली मुलं हुशार नसतात असं नाही. त्यांची समज बऱ्याचदा इथल्या मुलांपेक्षा खोल असते, प्रयोग केलेले असतात, प्रश्न विचारायची सवय असते. पण आयबी आणि एपीची मुलं आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर वाढलेली असतात, आणि जेईई-नीटला कॅल्क्युलेटर नाही. १.६ ला ९.१ नं गुणायचं म्हटलं की त्यांचा चेहरा बघवत नाही. आमच्या सासूबाईंनी थोरलीला उन्हाळ्यात पाढे, पावकी, निमकी म्हणायला लावली तेव्हा मी हसले होते. पुढे तीच मुलगी म्हणाली की भौतिकशास्त्राच्या पेपरात सगळ्यात जास्त वेळ तिथे वाचला.

जेईई मेनला तीन तासांत ७५ प्रश्न, ३०० गुण. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. परदेशातल्या मुलांना उणे गुणांची सवयच नसते, ती काहीतरी लिहून ठेवतात, कारण तिकडे प्रयत्नालाही गुण असतात. 'न येणारा प्रश्न सोडून देणे' हे कौशल्य शिकवायला आम्हाला सहा महिने लागले. एमएचटी-सीईटीला मात्र उणे गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एकाच उन्हाळ्यात दोन्ही परीक्षा देणाऱ्या पोरांची तारांबळ उडते ती इथे.

नीटच्या बायॉलॉजीसाठी एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचायची. ती संकेतस्थळावर फुकट आहेत. महागड्या क्लासचं किट मागवण्याआधी अकरावी-बारावीची ही दोन पुस्तकं छापून घ्या. सीईटीसाठी महाराष्ट्र बोर्डाचा अभ्यासक्रम असतो, त्यात बारावीवर साधारण ८० टक्के आणि अकरावीवर २० टक्के भर. सीबीएसईवाल्यांना बराचसा ओळखीचा, आयबीवाल्यांना रसायनशास्त्रात बरंच नवं.

तिकडच्या शाळेचा अभ्यास सांभाळून हे करायचं तर दिवसाला दीड-दोन तास, शनिवारी एक पूर्ण सराव पेपर, एवढंच जमतं. ते अकरावीच्या सुरुवातीपासून केलं तर पुरतंही. बारावीच्या नाताळात पंधरा दिवस पुण्यात आणून 'क्रॅश कोर्स' लावणं म्हणजे मुलाचा ताप वाढवणं.

पाचवी पायरी: तारखा एकमेकींवर आदळतात

जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, दुसरं एप्रिलमध्ये. फॉर्म आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, म्हणजे अमेरिकेतली मुलं तिकडच्या कॉलेजांचे निबंध लिहीत असतात नेमकी तेव्हा. नीट बहुतेक मेच्या पहिल्या रविवारी. मेचे पहिले दोन आठवडे एपीचे, तोच काळ आयबीचा. लॉ करायचं असेल तर क्लॅट डिसेंबरात होऊनही जाते, बारावी चालू असतानाच. ती कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

२०२४ साली नीटची परदेशात १४ शहरांत केंद्रं होती: दुबई, अबू धाबी, शारजा, मस्कत, दोहा, कुवेत, रियाध, मनामा, सिंगापूर वगैरे. अमेरिकेतलं एकही नाही. एमएचटी-सीईटीसाठी तर इकडेच यावं लागतं. तेव्हा एप्रिल-मेची तिकिटं आणि शाळेची परवानगी हा तयारीचाच भाग समजा. शाळेला सप्टेंबरात पत्र द्या, एप्रिलमध्ये नको.

आणि निकाल. सीबीएसईचा मेमध्ये लागतो, ठीक. आयबीचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, धावतपळत जमतं. ए लेव्हलचा मात्र ऑगस्टच्या मध्यात! तोवर एनआयटीच्या फेऱ्या उरकलेल्या असतात. यावर तीन उपाय. एक, ज्या खासगी विद्यापीठांत शाळेनं दिलेल्या अपेक्षित श्रेणींवर तात्पुरता प्रवेश देतात ती यादीत ठेवायची. दोन, ए लेव्हलच्या परीक्षा आधीच्या सत्रात द्यायच्या, म्हणजे मूळ आराखडा अकरावीत आखायचा. तिसरा उपाय एक वर्ष थांबणं. तो वाईट नाही, पण ठरवून थांबणं वेगळं आणि अडकून थांबणं वेगळं.

जेईईच्या गर्दीत न पडता येण्यासारख्या वाटाही आहेत. बिट्सच्या गोवा कॅम्पसला परदेशात शिकलेल्यांसाठी सॅटच्या गुणांवर वेगळे प्रवेश होतात. पुण्यात सिम्बायोसिसचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, फ्लेमही सॅट धरतं. विज्ञानाची खरी ओढ असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी त्यांची स्वतःची अभियोग्यता चाचणी आहे. आपली माणसं इंजिनिअरिंग-मेडिकल सोडून बघतच नाहीत, ही तक्रार करून आता मीही कंटाळले.

सहावी पायरी: कागदांची पिशवी

या पिशवीनं माझे दोन उन्हाळे खाल्ले, म्हणून जरा विस्तारानं.

पहिली गोष्ट नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. परदेशातल्या शाळेत मधलं नाव गळतं, पासपोर्टवर कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि तिन्ही नावं पहिल्या रकान्यात कोंबलेली असतात. आईचं नाव जन्मदाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. आठवीतच पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि असेल तर आधार हे चारही समोर मांडा आणि एकच नाव सगळीकडे करून घ्या. दहावीच्या बोर्डाच्या नोंदणीआधी शाळेत एका अर्जानं हे होतं. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आणि खिडकीवरचा "उद्या या".

दुसरी, शाळा सोडल्याचा दाखला. अमेरिकी शाळेला हा प्रकारच ठाऊक नसतो. त्यांच्याकडून शाळेच्या कागदावर पत्र घ्या: मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कधीपासून कधीपर्यंत कुठल्या इयत्तेत होतं, माध्यम, वागणूक चांगली. खाली सही आणि शिक्का. त्यांच्याकडे शिक्का नसतो. करून घ्या म्हणावं, इथे शिक्क्याशिवाय कागदाला जीव नसतो. भारतीय बोर्डाच्या मुलांना मायग्रेशन प्रमाणपत्रही लागतं, ते सीबीएसईचं डिजिलॉकरवर मिळतं.

तिसरी, समकक्षता. परदेशी बोर्डाची बारावी इथल्या बारावीच्या तोडीची आहे असं प्रमाणपत्र बरीच विद्यापीठं मागतात. वर्षानुवर्षं हे काम भारतीय विद्यापीठ संघ करत आला. २०२५ मध्ये यूजीसीनंही (विद्यापीठ अनुदान आयोगानं) परदेशी पात्रतांच्या समकक्षतेचे नवे नियम आणले. ज्या संस्थेत अर्ज करताय तिला कोणाचं प्रमाणपत्र चालतं ते तिच्या माहितीपत्रकात बघून मगच पैसे भरा. बारा वर्षांचं नियमित शालेय शिक्षण ही मूळ अट, त्यामुळे मध्येच इयत्ता ओलांडलेल्या हुशार मुलांनी जपून.

चौथी, साक्षांकन. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे (एका देशानं शिक्का मारलेला कागद करारातल्या दुसऱ्या देशात चालतो), तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ओमान अशा करारातल्या देशांचे कागद तिथेच अपॉस्टिल करून आणायचे. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, तिथे परराष्ट्र खातं आणि मग भारतीय वकिलात असा लांबचा फेरा. तो देश सोडायच्या आधीच करा. एकदा सामान आवरून पुण्यात आलात की एका शिक्क्यासाठी कुरिअर आणि दलाल.

पाचवी, डोमिसाइल. महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सोळा वर्षं बाहेर राहिलेला बाप कुठून आणणार? पण तुम्ही स्वतः कॉलेजात गेला होतात तेव्हा काढलेलं डोमिसाइल आईच्या कपाटात, साडीच्या घडीखाली असण्याची दाट शक्यता आहे. शोधा. नसेल तर शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, घराची कागदपत्रं घेऊन सेतू केंद्रात जा किंवा 'आपले सरकार'वर अर्ज करा, आणि हे काम आदल्या वर्षीच्या सुट्टीत उरका. जूनमध्ये तहसीलदार कचेरीत सगळा जिल्हा उभा असतो.

सहावी, ओटीपी. हसू नका. कितीतरी पोर्टलना दहा आकडी भारतीय मोबाइल क्रमांक लागतो. आम्ही सासऱ्यांचा दिला. मस्कतला संध्याकाळी साडेआठ म्हणजे साताऱ्यात रात्रीचे दहा. सासरे नऊला फोन बंद करून झोपतात. पर्याय भरायची शेवटची तारीख आणि आजोबा घोरतायत. शेजाऱ्यांना फोन करून उठवलं, त्यांनी चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, तिसऱ्या खेपेला जमलं. बारावीच्या आधीच्या सुट्टीत मुलासाठी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं वेगळं सिम घ्या (अठराच्या आत मुलाच्या नावानं मिळत नाही), रोमिंग चालू ठेवा.

एनआरआय जागेसाठी याशिवाय पालकाचा पासपोर्ट आणि व्हिसा, वकिलातीचं प्रमाणपत्र, नोकरीचं पत्र आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या बँक) खात्याचा तपशील लागतो. अभिमत विद्यापीठांतल्या मेडिकलच्या एनआरआय जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात. त्यासाठी भारतीय गटातून एनआरआय गटात जाण्याचा अर्ज ठरावीक दिवसांतच करता येतो, ती तारीख चुकवू नका.

पैशांबद्दल थोडंसं

खासगी महाविद्यालयांत जास्तीत जास्त १५ टक्के एनआरआय जागांना सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या इनामदार खटल्यात मान्यता दिली. तो खटला महाराष्ट्रातलाच. या जागांची फी नेहमीच्या कित्येक पट असते. 'काका अमेरिकेत आहेत, त्यांच्या नावावर करून देतो' म्हणणारे दलाल प्रत्येक गावात भेटतील. २०२४ मध्ये पंजाबनं एनआरआयची व्याख्या अशीच दूरच्या नातेवाइकांपर्यंत ताणली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं त्याला सरळ फसवणूक म्हटलं. तुम्ही खरेच एनआरआय आहात, दलालाची गरजच नाही.

पहिल्या वर्षाचीच नाही, एमबीबीएसच्या पूर्ण साडेचार वर्षांची फी मांडा, दर वर्षीची वाढ धरून. आखातातली नोकरी मध्येच गेली तर काय, हा प्रश्न नवरा-बायकोनं एकदा तरी मोठ्यानं विचारावा. एनआरआय जागेवर घेतलेला प्रवेश शेवटपर्यंत एनआरआय फीचाच राहतो.

सातवी पायरी: मूल

'परत जाणं' हे आपलं असतं. मुलाच्या लेखी ते परदेशी जाणंच असतं. त्याला पुणे म्हणजे उन्हाळी सुट्टी, आंबे, आणि सगळे लाड करणारे लोक एवढंच ठाऊक. तेच पुणे जुलैच्या पावसात, तिघांच्या खोलीत, मेसच्या डब्यावर कसं असतं ते त्यानं पाहिलेलं नसतं.

म्हणून अकरावीच्या सुट्टीत महिनाभर त्याला एकटं पाठवा आणि आजीला ताकीद द्या: लाड नाहीत. बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं. एसटीनं साताऱ्याला जाऊन यायचं. झेरॉक्सच्या दुकानात गर्दीत हात पुढे करून स्वतःचे कागद काढून आणायचे. आमची थोरली पहिल्या दिवशी त्या दुकानासमोर पाऊण तास रांगेची वाट बघत उभी होती. रांग नव्हतीच. तिसऱ्या दिवशी "दादा, दोन बाजूंनी काढा, पाच प्रती" असं ओरडून काम करून आली, आणि मला वाटतं तिचा प्रवेश त्या दिवशी झाला.

मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, ही बहुतेकांची अवस्था. पाट्या, नोटिसा, बसचे आकडे वाचता येतील इतकं देवनागरी पुरेसं. वर्गात शिकवणं इंग्रजीत असलं तरी विनोद, टोमणे आणि 'हे परीक्षेला येणार बरं का' ही सूचना मराठीत किंवा हिंदीत येते. ती चुकली तर सगळंच चुकलं.

हातानं लिहिण्याचा सराव घ्या. तिकडे सगळं टाइप करून देतात, इथे तीन तास पेननं लिहायचं. इंजिनिअरिंगला टर्म वर्क, जर्नल, सबमिशन, ओरल हे प्रकार असतात. वीस-वीस पानं हातानं उतरवून सही घ्यायची. त्यातून काय शिकायला मिळतं हे मला विचारू नका, पण सही लागते. ७५ टक्के हजेरी लागते. सरांना सर आणि मॅडमना मॅडम म्हणायचं. वर्गात "मला वाटतं तुमचं चुकतंय" हे तिकडे कौतुकाचं, इकडे तास संपल्यावर जाऊन हळू विचारायचं.

उच्चारांवरून चिडवतील, 'एनआरआय' म्हणून पार्टी मागतील. पहिल्या महिन्यात ते सगळ्यांचंच होतं. पण चिडवणं आणि छळ यातला फरक आधी समजावून द्या. यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून आहेत, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र द्यावं लागतं, आणि १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये त्याच्यासमोर साठवा.

आणि एकदा, कुठल्याही फॉर्मच्या आधी, त्याला नीट विचारा की तुला यायचंय का. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलानं बारावीनंतर, तिकीट काढल्यावर सांगितलं की त्याला यायचंच नव्हतं. दोन वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

आठवी पायरी: मागचं दार उघडं ठेवा

प्रवेश झाला की सगळे हुश्श करतात आणि इथे शेवटची चूक होते. आखातातल्या बहुतेक देशांत निवासी व्हिसा असलेला माणूस सलग सहा महिने बाहेर राहिला तर व्हिसा बाद होतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचाही होतो. म्हणून सहा महिन्यांच्या आत एक फेरी बसवा. दिवाळीची सुट्टी आणि सत्र संपल्यावरची सुट्टी या दोन फेऱ्या बहुधा पुरतात, पण परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या की गणित कोलमडतं, म्हणून शिक्क्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेलं मूल वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. निघायच्या आधी पुनर्प्रवेशाचा परवाना काढून घ्यायचा, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. चार वर्षांची पदवी आहे हे लक्षात ठेवून वकिलाशी बोला. ओसीआय कार्ड विसाव्या वर्षाआधी काढलेलं असेल तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की कार्डही एकदा नव्यानं करून घ्यावं लागतं, आणि ते वय नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येतं. त्या वर्षीच्या सुट्टीतले दोन दिवस त्यासाठी बाजूला काढून ठेवा.